काळी तार

पांढरी गाडी फाटकातून आत वळली तेव्हा वायरताई एका टेम्पोच्या डॅशबोर्डखाली उताणी पडली होती आणि तिच्या दातांत टॉर्च होता. म्हणून तोंडातून जे निघालं असतं ते निघालं नाही. बरंच झालं. गाडीत मास्तर होते, आणि मास्तरांसमोर तसलं बोलवत नाही.

"आली गं तुझी लाडकी!" दादा बाहेरून ओरडला. "चौथ्यांदा!"

गॅरेज दोघा भावंडांचं. इंजिन, गिअर, ब्रेक हे लोखंडाचं सगळं दादाकडे. वायरिंग आणि गाडीचा कॉम्प्युटर ताईकडे. मागची खोली अकरा वर्षं तिची. तिथे तिचं टेबल, तिचा स्कॅनर, भिंतीवर रंगवार टांगलेल्या वायरींच्या गुंडाळ्या. दादाच्या डोक्यात महिनाभर टायरचं मशीन घुमत होतं आणि ते बसवायला त्याला तीच खोली हवी होती. मागच्या खेपेला मास्तरांची गाडी परत आली तेव्हा तो म्हणाला होता, "एक गाडी धड होत नाही तुझ्याच्यानं. पाचव्यांदा आली ना, तर खोली रिकामी करायची." आणि ताईने रागाच्या भरात "करते!" म्हणून टाकलं होतं. तेव्हापासून दादा मोजपट्टी खिशात घालूनच फिरत होता.

ताई बाहेर आली. मास्तर गाडीशेजारी ताठ उभे होते, हातात दोनशे पानी वही. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण शर्टाच्या खिशातलं लाल पेन तसंच होतं.

"ताई, आज नऊ वाजून बारा मिनिटांनी. दवाखान्याच्या अलीकडचा सिग्नल. गाडी थांबवली आणि इंजिन आपोआप बंद. दुसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर चालू झालं. तिथून इथपर्यंत कुरकुर नाही."

"आणि आत्ता?"

"आत्ता उत्तम."

आत्ता उत्तम! हेच तर होतं. ताईच्या पायाची आग मस्तकात गेली. गाडी रस्त्यावर रुसायची आणि गॅरेजच्या दारात आली की गरीब गाय व्हायची. तिने स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड एकही नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला काही खुपलं तर तो खुणेचा आकडा लिहून ठेवतो. हा पठ्ठ्या काही लिहायलाच तयार नव्हता. पहिल्या खेपेला तिने हवेची झडप धुतली होती. दुसऱ्या खेपेला इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर बदलला. तिसऱ्या खेपेला टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रिले. आज तिने वायरींचा अख्खा जुडगा हाताने हलवून पाहिला, सेन्सरवर गरम हवा मारली, मग पाणी शिंपडलं, मग मल्टिमीटर लावून अर्थिंग तपासलं. बॅटरीच्या पट्ट्या तर लख्ख होत्या, कोणी रोज पुसाव्यात तशा. इंजिन आपलं तालात घुरघुरत होतं. तासभर.

"साळसूदपणा बघा," ती पुटपुटली.

"ताई, वहीत एकतीस नोंदी आहेत," मास्तर म्हणाले. "वार, वेळ, ठिकाण, हवामान. पेट्रोल किती तेही."

"मास्तर, वही झकास आहे. गाडीने वाचली असती तर बरं झालं असतं."

त्यांना ते लागलं. मोठ्या आवाजात बोलायची सवय नसलेला माणूस, आणखी हळू आवाजात म्हणाला, "आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रोज सकाळी व्यायामाला न्यावं लागतं. भर रस्त्यात मागचे लोक भोंगे वाजवतात, ती घाबरते. दुसरं काही नाही."

ताईला आपल्या जिभेचा राग आला. "उद्या मी येते," ती म्हणाली. "तुमच्या घरी. मागच्या सीटवर बसून तुमच्याबरोबर दवाखान्यात. बघू मला तोंड दाखवते का."

दादाने मागून मोजपट्टी सर्रकन ओढली. खोलीच्या दाराची रुंदी.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला ती मास्तरांच्या दारात पोचली. मास्तर अंगणात रुमालाने हात पुसत होते. गाडीचं बॉनेट नुकतंच मिटलेलं. मास्तरीणबाई एक एक पाऊल मोजत पायरी उतरल्या आणि पुढे बसल्या. मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळात बघून गाडीतलं घड्याळ लावलं, आरसा नीट केला, पट्टा लावला, मग किल्ली. सगळं ठरलेल्या क्रमाने, नेम पाळावा तसं.

ताईने वायर ओढून स्कॅनर मांडीवर घेतला होता. आकडे सरकत होते. सगळे शहाणे.

मास्तरीणबाई रेडिओची बटणं दाबत होत्या. खरखर, कोणाच्या तरी बातम्या, पुन्हा खरखर. "मेलं रोज पहिल्यापासून शोधायचं," त्या वैतागून म्हणाल्या. "काल लावून ठेवलं होतं की हो मी भजनाचं केंद्र. लक्षातच राहत नाही याच्या. तुमच्यासारखंच."

"मी काय विसरलो?"

"भाजी."

सिग्नल आला. मास्तरांनी हलकेच ब्रेक दाबला. इंजिनाचे फेरे उतरले, आणखी उतरले, गाडी एकदा शहारली आणि गप्प. मागून भोंग्यांचा कल्लोळ उठला. मास्तरीणबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली.

"नऊ वाजून अकरा," मास्तर म्हणाले. एवढ्या गोंधळातही त्यांचा हात वहीकडे गेला.

स्कॅनरवर कोड नाहीच. पण ताईचं लक्ष खालच्या एका ओळीवर अडकलं. मेमरी पुसल्यापासूनचं अंतर: दोन किलोमीटर. कालही ती ओळ तिथेच होती आणि आकडा असाच लहान होता. आपणच मागच्या वेळी पुसली असेल असं समजून तिने सोडून दिली होती. पण काल तिने काहीच पुसलं नव्हतं. आणि मास्तरांचं घर दोनच किलोमीटर मागे होतं.

"काकू," ती म्हणाली, "हा रेडिओ रोज विसरतो?"

"रोज."

"आणि मास्तर, घड्याळ? तेही रोज लावता?"

"लावावंच लागतं. सकाळी बाराच दाखवतं."

"गाडी आधी बाजूला घ्या," ताई म्हणाली. दुसऱ्या किल्लीला इंजिन मुकाट्याने चालू झालं आणि मास्तरांनी एका बंद दुकानासमोर गाडी लावली. "आता सांगा. सकाळी बॉनेट कशाला उघडलं होतंत?"

"बॅटरीची तार जोडायला."

"कसली तार?"

"काळी. रात्री सोडून ठेवतो ना. दहाच्या पान्याने. पट्टी पुसून सकाळी परत घट्ट करतो."

ताईने कपाळाला हात लावला. "रोज?"

"आठ महिने झाले. एकदाही चुकवलं नाही. तापात होतो तेव्हासुद्धा."

"अहो, मग वहीत का नाही लिहिलंत?"

"वहीत बिघाड लिहितो," मास्तर म्हणाले. "नियम कशाला लिहू?"

"कोणत्या शहाण्याने सांगितला हा नियम?"

मास्तरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. सांगावं की नाही असा त्यांचा चेहरा झाला.

"तुम्हीच," ते म्हणाले.

तिला आठवलं. मास्तरांची जुनी बॅटरी रात्रीत उतरायची, नवी यायला चार दिवस होते. ती अशीच कुठल्याशा गाडीखाली होती, दातांत टॉर्च, आणि मास्तर काहीतरी विचारत होते. टॉर्च न काढता ती म्हणाली होती, "रात्री काळी तार सोडून ठेवत जा." नवी बॅटरी आली त्या दिवशी ती रजेवर होती, दादाने बसवली. आता पुरे, असं कोणीच सांगितलं नाही. नेम धरणारा माणूस तो; सोडायला कोणी सांगितल्याशिवाय कसा सोडेल?

"नवी बॅटरी येईपर्यंतच म्हणायचं होतं मला, मास्तर."

"तेवढं तुम्ही म्हणाला नाहीत."

"नाही म्हणाले खरी," ताई म्हणाली. मग तिने त्यांना समजेल असं सांगितलं. "गाडी बारा वर्षांची. गाडी उभी असताना इंजिनाला किती हवा द्यायची, हे तिचा कॉम्प्युटर चालता चालता शिकतो आणि लक्षात ठेवतो. तार सोडली की पाटी कोरी. तुम्ही रोज रात्री त्याची पाटी पुसता, सकाळी पहिलीत बसवता आणि सिग्नलला परीक्षा घेता. तो नापास होतो. पुढे गॅरेजपर्यंत येईतो शिकून तयार. मग मला काय डोंबल सापडणार?"

मास्तरांनी स्टेअरिंगवरून हात काढला. "आठ महिने," ते म्हणाले, "एकाच इयत्तेत बसवलं मी त्याला."

मास्तरीणबाई आधी गालात हसल्या, मग गुडघा धरून हसू लागल्या. "अहो, तुमच्या कुठल्याच पोरावर एवढी वेळ आली नव्हती!"

गॅरेजमध्ये परतल्यावर ताईने दादाला सगळं सांगितलं. मास्तरांच्या खुळावर ढकलून मोकळं होता आलं असतं. दादाने वाटही करून दिली. "म्हातारा वेडाच आहे, नाही का?"

"वेडा नाही. मी अर्धं वाक्य बोलले, त्यांनी ते पुरं पाळलं. सेन्सर चांगला होता, रिले चांगला होता. चूक माझ्या तोंडाची."

"म्हणजे चार खेपा, आणि बिघाड तू?"

"मी."

दादाने मोजपट्टी काढली, उगाच उघडबंद केली. "ठरलं ते ठरलं. गाडी परत आली की खोली गेली."

शनिवार गेला. रविवार गेला. ताईने दोन दिवस भिंतीवरच्या गुंडाळ्यांकडे पाहिलं नाही. सोमवारी पावणेदहाला पांढरी गाडी फाटकातून आत वळली.

"आली!" दादा म्हणाला, पण या वेळी त्याचा आवाज पडला होता.

ताई हात न पुसताच बाहेर गेली. मास्तर खाली उतरले. हातात वही नव्हती.

"बंद पडली?"

"छे. तीन दिवसांत एकदाही नाही. हिचं भजनही जागच्या जागी लागतं."

"मग?" ताई जवळजवळ किंचाळली. "मग आलात कशाला, मास्तर?"

"विचारायला." मास्तर अवघडले. "ती काळी तार जोडलेलीच ठेवा म्हणालात. पण किती दिवस, ते म्हणाला नाहीत."

दादाच्या तोंडून फुस्स असा आवाज निघाला आणि तो टायरच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"कायमची," ताई म्हणाली.

"लिहून द्याल?"

तिने हात पुसले, खोलीत जाऊन टेबलावरचा कागद घेतला आणि सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं: काळी तार रात्री सोडायची नाही. आजपासून, गाडी विकेपर्यंत. खाली तारीख घातली, सही केली. मास्तरांनी वाचलं, खिशातलं लाल पेन काढून 'विकेपर्यंत' खाली रेघ मारली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

गाडी गेल्यावर दादा खोलीच्या दारात आला. मोजपट्टी त्याच्या हातात होती. ती त्याने ताईच्या टेबलावर ठेवली, स्कॅनरशेजारी.

"राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "आणि यापुढे टॉर्च तोंडात धरून गिऱ्हाइकाशी बोलू नकोस."

"किती दिवस?" ताईने विचारलं.