हिरव्या उलटीची ओळ

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी नवऱ्यापासून कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. चौतीस वर्षं तिने बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती. त्या दिवशी ती नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेली, तेव्हा औषधवाल्याने गोळ्यांबरोबर एक गुळगुळीत कागद पिशवीत सरकवला. बाळाच्या तेलाच्या बाटल्यांसोबत वाटायला आला होता म्हणे. वाचा, तुमच्याच लायनीतलं आहे, असंही तो म्हणाला.

सिस्टरने तिथेच काउंटरला टेकून वाचलं. वर टोपीवाल्या एका गोऱ्यागोमट्या नर्सचं चित्र, खाली मजकूर. 'बाळ रडतं ते तुम्हाला छळायला नाही. त्याला दुसरी भाषा येत नाही म्हणून रडतं. आधी स्वतः घोटभर पाणी प्या, मग त्याला उचला.' पुढे ढेकर कसा काढायचा, पोट फुगलं तर पाय पोटाशी कसे दुमडायचे. शब्दन् शब्द तिचा होता. घोटभर पाण्याचं तर तिने वॉर्डातल्या एकूण एक बाळंतिणीला सांगितलं होतं. फक्त मध्येच एक तेल घुसलं होतं, जे तिने जन्मात कुणाला सुचवलं नव्हतं. आणि शेवटची ओळ गायब होती. उलटी हिरवी असेल तर काही चोळत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा, अशी ती ओळ होती.

हे उत्तर तिने 'पहिलटकरणी' नावाच्या ग्रुपवर लिहिलं होतं. ग्रुप तिच्या नणंदेच्या मुलीचा. तिला घरात बारकी म्हणत, जरी आता ती चांगली चाळिशीला टेकली होती. स्वतःच्या बाळंतपणात तिने तो सुरू केला आणि सिस्टर निवृत्त झाल्यावर, मामी, तू जरा बायकांचे प्रश्न बघत जा, म्हणून गळ घातली. रिकामपण खायला उठलं होतंच. सिस्टर बघू लागली. रोज सकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ती उत्तर लिहायची. नवऱ्याने जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेली. तो लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ सुधारायचा. मग ती एका बोटाने ते फोनवर उतरवायची. अशी हजारभर उत्तरं झाली असतील.

तिने घरी येऊन बारकीला फोन लावला. बारकीने आधी आढेवेढे घेतले, मग सांगून टाकलं की ग्रुप गेल्या महिन्यात तेलाच्या कंपनीला दिला. आठ वर्षं तो आपण नोकरी सांभाळून चालवला, भांडकुदळ बायकांना आवरलं, भोंदू औषधवाल्यांना हाकललं, असं ती सांगत राहिली. त्यात खोटं काही नव्हतं.

"उत्तरं तुझी गं मामी, पण दुकान मी मांडलं होतं," बारकी म्हणाली. "आणि तुझं नाव कुठे टाकलंय त्यांनी?"

"तेच तर विचारतेय," सिस्टर म्हणाली. पण नाव नाही म्हणून भांडावं, की नाव नाही म्हणून हुश्श करावं, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

नवऱ्याने चष्मा पुसला आणि ग्रुप ज्या सोशल नेटवर्कवर होता त्याच्या अटी वाचायला घेतल्या. आयुष्यात कुणी वाचत नाही ते वाचायचीच त्याला सवय. तीन दिवसांनी त्याने निकाल दिला. "मजकुराची मालकीण तूच आहेस. स्वच्छ लिहिलंय. आणि वापरायची परवानगी तू नेटवर्कला दिलेली आहेस. तेही स्वच्छ लिहिलंय. शिवाय शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका आहेत."

सिस्टरने नेटवर्ककडे तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं की मालकी आपलीच आहे, कागद दुसऱ्याने छापला, त्याच्याशी आपण बोला. तिने कंपनीला फोन केला. पाच ठिकाणी गाणी ऐकल्यावर एक मॅनेजर लाभला. तो इतका गोड बोलत होता की तिला वॉर्डातले साखरेचे पेशंट आठवले. त्याचं म्हणणं, ग्रुपच्या नियमात अकरावं कलम आहे, सदस्यांचा मजकूर चालकांना वापरता येईल. ते कलम कधी घातलं, तर ग्रुप द्यायच्या आधी आठ दिवस. कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे सगळ्यांची संमती.

"म्हणजे कळा आम्ही द्यायच्या आणि बाळ तुम्ही न्यायचं," सिस्टर म्हणाली.

मॅनेजर हसला. फार छान वाक्य आहे मॅडम, म्हणाला. हेही उद्या छापतील की काय, या धास्तीने तिने फोन ठेवला. ठेवण्याआधी शेवटच्या ओळीचं मात्र बजावलं. नोंद घेतली आहे, असं उत्तर मिळालं. नोंद कुठे घेतली ते देव जाणे, कारण पुढच्या आठवड्यात तोच कागद दुकानादुकानांतून वाटला जात होता आणि आता ग्रुपवरही सगळ्यांत वर लावला होता.

मग तिचं डोकं फिरलं. माझं आहे ना, मग मी पुसते, म्हणून ती सकाळपासून फोन घेऊन बसली. एक एक उत्तर शोधायचं, पुसायचं, खरंच पुसायचं का, हो बाबा, खरंच पुसायचं. स्तनांत गाठी, कावीळ, नाळ कधी पडते, टाळू का उडते. संध्याकाळपर्यंत नव्वदेक उत्तरं गेली. त्या कागदावर छापलेलं पोटदुखीचं पहिल्याच तासात. नवरा दोनदा म्हणाला, जरा दमाने घे. तिने ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी बाईचा फोन आला. थोरल्या बहिणीचं बाळंतपण सिस्टरच्या वॉर्डात झालं होतं, तिच्याकडून नंबर घेतला होता. स्वतःचं बाळ तीन आठवड्यांचं. पोटाबद्दल सिस्टरांनी ग्रुपवर फार नीट लिहिलंय, ते वाच, असं बहिणीने सांगितलं होतं. पण ते कुठे सापडेना. सापडला तो कागद. म्हणून सकाळपासून ती तेल चोळत होती.

"उलटी होतेय?"

"दोनदा झाली."

"रंग कोणता?"

"हिरवट आहे," बाई म्हणाली.

"बाळाला घे आणि निघ. कपडे बदलू नकोस. पोचलीस की दारातच सांग, हिरवी उलटी आहे म्हणून."

बाळाच्या आतड्याला पीळ पडला होता. संध्याकाळीच ऑपरेशन झालं, बाळ वाचलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. हे त्या बाईच्या बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा सिस्टर स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. कंपनीने ओळ कापली होती हे खरं, पण ग्रुपवर राहिलेलं अख्खं उत्तर तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. ते तिथे असतं तर ही बाई सकाळीच निघाली असती. कुणी दोष दिला नाही, म्हणून तर तो जास्तच टोचत राहिला.

तिने नेटवर्कला विचारलं, पुसलेलं परत आणता येईल का. नाही, म्हणाले, आपला मजकूर आपण पुसला, आता तो अस्तित्वात नाही. कंपनीच्या कागदावर मात्र तो छान अस्तित्वात होता.

नवऱ्याने कपाटातून पाठकोऱ्या पानांचा गठ्ठा काढला. ते पान सापडलं, हिरव्या उलटीच्या ओळीखाली त्याच्याच लाल पेनाची रेघ होती. सिस्टरने पानाचा फोटो मॅनेजरला पाठवला, सोबत बाळाच्या आईने दिलेलं हॉस्पिटलचं पत्र. या वेळी गोड बोलणं झालं नाही. कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. त्यात होतं की मजकूर मूळ लेखिकेचा असून त्याची सर्व जबाबदारी तिची आहे. सिस्टरने ते पत्र दोनदा वाचलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. छापताना मालक ते, आणि निस्तरताना मालकीण ही. पण कागद मात्र आठ दिवसांत दुकानांतून आणि ग्रुपवरून गुपचूप उचलला गेला. तिच्या दुसऱ्या उत्तरांवरून कंपनीने छापलेली पंधरा-वीस पत्रकं, तिच्याच शब्दांची, अजून वाटली जातात.

बारकी भेटायला आली. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "मला ते कलम वाचायलाच हवं होतं, मामी. त्यांनी पाठवलं, मी चिकटवलं." सिस्टर म्हणाली, राग आहे, जाईल तेव्हा जाईल, तोवर ती पानं घे आणि टाइप कर. बारकीने सहा रविवार बसून नव्वद उत्तरं ग्रुपवर पुन्हा चढवली. प्रत्येकाच्या सुरुवातीला सिस्टरने एकच वाक्य घालायला लावलं. हे कुणीही न्या, पण कापू नका.

त्याच दरम्यान, ऑपरेशनला महिना झाल्यावर, त्या बाईने बाळाचा फोटो पाठवला. पोटावर बारीकशी आडवी खूण. खाली लिहिलं होतं, फक्त तुम्हाला पाठवतेय सिस्टर, कुठे टाकू नका. सिस्टरने तो मोठा करून टाक्यांची जागा नीट तपासली. जखम कोरडी होती, लाली नव्हती. तसं तिने बाईला कळवलं आणि फोटो पुसून टाकला.