घटाच्या धुण्यात सापडलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. आता आखूडही झालो आहे, त्यामुळे तुम्ही मला नाकं मुरडणार हे मला ठाऊक आहे. मुरडा. पण माझा रंग तेवढा नीट बघा. वांगी रंग आहे हा, कृष्णाकाठच्या वांग्यासारखा काळपट जांभळा. उन्हात धरलात तर अजूनही झळाळी दिसते. एवढं मान्य केलंत की बाकीचं रडगाणं सांगायला मी मोकळा.

माझा जन्म सांगलीत, विश्रामबागेतल्या एका शिंप्याच्या मशीनवर झाला. क्षमाताई नावाच्या बाईंनी मला शिवून घेतलं. त्या विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि त्यांना ऐन थंडीत कामासाठी दिल्लीला जायचं होतं. कापड अस्सल लोकरी, आतून गुळगुळीत अस्तर, खांद्यांत पॅड. खांदा मनासारखा बसेपर्यंत त्या शिंप्यानं मला किती वेळा उसवलं याची गणती नाही. दिल्लीत ओळखपाळख नसलेल्या बायका क्षमाताईंना थांबवून विचारायच्या, कोट कुठे शिवला म्हणून. मी तर हुरळूनच गेलो. मला वाटलं, आता आयुष्यभर आपली अशीच मिरवणूक निघणार.

कसलं काय. सांगलीच्या उकाड्यात लोकरीचा कोट घालतंय कोण? दिल्लीहून आलो तो कपाटात गेलो आणि डांबरगोळ्यांच्या वासात बसून राहिलो. वर्षातून एकदा लाँड्रीवाला मला नेऊन ड्रायक्लीन करून आणायचा, तेवढीच माझी सहल. पाणी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पुढे क्षमाताई निवृत्त झाल्या, अंगानं सुटल्या आणि माझी बटणं काही केल्या लागेनात.

एक दिवस दारात भांडीवाली आली. साळूबाई तिचं नाव. जुने कपडे घेऊन नवी भांडी देत ती सांगलीभर फिरायची. क्षमाताईंनी मला बाहेर काढलं. साळूबाईनं मला उलटंपालटं केलं आणि तोंड वाकडं केलं.

"कोट कोन घेतंय आमच्याकडं, ताई? ह्याच्यावर आनि दोन साड्या टाका, मग बगू."

साड्या पडल्या आणि माझ्या बदल्यात घरात झाकणाचं पातेलं गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिल्ली बघितलेला कोट मी, आणि माझी बरोबरी पातेल्याशी!

माधवनगरच्या आठवडी बाजारात साळूबाईनं मला ताडपत्रीवर टाकलं. येणारा जाणारा ओढायचा, हुंगायचा आणि फेकून द्यायचा. एका बाबानं तर बुजगावण्याला बरा होईल म्हणून मला मागितलं. तेवढ्यात शिवांजली आली म्हणून मी वाचलो.

या पोरीबद्दल तुम्हाला सांगायला हवं. गाव कराडजवळचं, नदीकाठचं. घरी थोडा ऊस, थोरला भाऊ फौजेत. ती विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकत होती आणि तिथेच मुलींच्या वसतिगृहात राहत होती. पहिल्या वर्षी ती गावातल्या लग्नासाठी शिवलेला टिकल्यांचा चकचकीत ड्रेस घालून वर्गात गेली. मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. कुणी काही बोललं नाही, नुसत्या हसल्या. ते हसू तिच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. आपल्या कपड्यांकडे बघून पुन्हा कुणी हसता कामा नये, एवढंच तिनं तेव्हापासून मनाशी धरलं होतं.

नवे महागाचे कपडे घरच्यांकडे मागणं शक्य नव्हतं. मग ती साळूबाईच्या ताडपत्रीवर बसायला लागली. आणि काय नजर होती तिची! रंगाला भुलायची नाही. आधी कापड उजेडाला धरून विरलंय का ते बघायची. काखेत आणि कॉलरच्या आतून बघायची, कारण कपड्याचं खोटं पकडलं जातं ते तिथेच. शिलाईत आत किती कापड दाबलंय ते चाचपायची. खांदा बसतोय का, एवढं नक्की करायची, कारण बाकी सगळं शिंप्याकडून नीट करून घेता येतं, खांदा येत नाही. आणि आपल्याकडच्या निदान दोन कपड्यांवर जाईल असंच उचलायची. मोह झाला तरी बाकीचं खाली ठेवायची. असं करत करत तिच्या लोखंडी पेटीत पांढरा शर्ट आला, काळी पँट आली, इरकल साडीचा शिवलेला कुर्ता आला. मोजकेच कपडे, पण ती ते असे फिरवून घालायची की मुली विचारायला लागल्या, कुठल्या दुकानातलं गं हे? ती नुसती हसायची. खरं काय ते तिची मैत्रीण ऋचा, तिला एकटीलाच माहीत होतं.

शिवांजलीनं मला अंगावर चढवलं आणि खांदा असा बसला की शिंप्यानं तिच्याच मापानं कापला असावा. तिनं मला वसतिगृहाच्या गच्चीवर सावलीत वारं दिलं, ब्रशनं झटकलं, जुनी बटणं काढून काळी बटणं लावली. तिनं मला पाणी लावलं नाही. लोकर पाण्यात आटते, हे तिला ठाऊक होतं.

"मुलाखतीला हाच," ती ऋचाला म्हणाली.

पुण्याची एक कंपनी नवरात्रात कॉलेजवर मुलाखती घेणार होती. फॉर्मल कपड्यांत या, असं सांगितलेलं होतं. त्याआधीच्या सुट्टीत ती गावी निघाली तेव्हा मला घडी करून बरोबर घेतलं. आईला दाखवायचं होतं म्हणे. खरं सांगू, मलाही आनंद झाला. पुन्हा कुणीतरी मला मिरवणार होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी घटाचं धुणं काढतात का? आमच्याकडच्या गावांत घट बसायच्या आधी घरातला झाडून सगळा कपडा धुतात. वाकळा, गोधड्या, पडदे, दप्तरं, सगळं. बायका नदीला जातात आणि सांजपर्यंत काठ भरून जातो. शिवांजलीची आई बनुबाई, तिचंही धुणं निघालं होतं. शिवांजली मुलाखतीच्या अर्जासाठी फोटो काढायला कराडला गेली होती. बनुबाईनं पोरीची बॅग उघडली आणि मला उचलून धुण्याच्या ढिगात टाकलं.

त्या ढिगात माझी आणि बनुबाईच्या कपड्यांची गाठ पडली. पोराचा फौजेतला जुना शर्ट होता, तो ती उसाच्या पात्यांनी हात कापू नयेत म्हणून लुगड्यावरून घालायची. बाकीच्या साड्या होत्या, पण त्यांतली एकही तिनं दुकानात जाऊन निवडलेली नव्हती. कुणाच्या लग्नातला आहेर, कुणाच्या बारशातली, नणंदेला नको असलेली. पोर जुने कपडे पारखून घेत होती, आईच्या अंगावर ते आपसूक येऊन पडत होते. मी भिजायच्या भीतीनं इतका गांगरलो होतो की तेव्हा माझं तिकडे लक्षही गेलं नाही.

पुढचं सांगायला मला जड जातं. बनुबाईनं हंड्यात सोड्याचं पाणी खळखळून उकळलं आणि मला त्यात बुडवलं. मग नदीवर नेऊन दगडावर धोपटलं. तिनं मला कुणाहीपेक्षा जास्त मेहनतीनं धुतलं, हेही सांगायला हवं. कॉलर तर हातानं घासघासून. मी आवळत गेलो. अस्तराच्या चुण्या झाल्या, खांद्यांतल्या पॅडांचे गोळे झाले. उन्हातून उचलून घरच्या दोरीवर टाकलं तेव्हा मी लहान पोराचा कोट वाटत होतो.

शिवांजली आली. तिनं मला दोरीवर बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"आई, काय केलंस हे?"

"आगं, उद्या घट बसायचं. घरात एक चिंधी पारुशी ऱ्हायली तर चालत न्हाई. आनि ह्यो तर परक्याच्या अंगावरचा. तसाच कसा ठिवू?"

"मला इचारायचं तरी. मुलाखतीला घालायचा होता त्यो."

"धुतला की आता. सोच्च निगालाय."

शिवांजलीनं मला अंगावर घालून बघितलं. एक हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. मग ती जे बोलली ते मी विसरलेलो नाही.

"तुला कपड्यातलं काय कळतंय गं? जलमात एक तरी धड कपडा घातलायस का अंगावर?"

आणि ती हसली. कडवट, नाकातून. मागच्या बाकावरच्या मुली तिला जशा हसल्या होत्या, तशीच ती आईला हसली. तिला ते कळलं नसेल, मला कळलं.

 दिवेलागणीला बनुबाई मला परसात घेऊन गेली, तिनं मला ओलं केलं आणि दोरीवर टांगून माझ्या दोन्ही बाह्यांना दगड बांधले. मी लांबलो नाही. मग तिनं तांब्यात निखारे भरून मला इस्त्री केली, पाटाखाली दाबून ठेवलं.  लोकर एकदा आटली की आटली, हे तिला कोण सांगणार? मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं. तिची ती धडपड बघवत नव्हती.

शिवांजली पांढऱ्या शर्टावरच मुलाखतीला गेली. मी घरात खुंटीवर होतो. दसऱ्याला ती घरी आली आणि ऋचाशी फोनवर बोलताना मी ऐकलं. तिची निवड झाली नव्हती. बाकीच्या पोरी कोट घालून आल्या होत्या म्हणे, आणि आत जाताना तिचं सगळं लक्ष स्वतःच्या शर्टाच्या कफांकडेच होतं. कोट असता तरी झालं असतं असं नाही, असंही ती म्हणाली. पण बनुबाई चुलीपाशी बसलेली होती आणि तिनं पहिलं तेवढंच ऐकलं. शेजारणीला ती म्हणाली, "माज्या हातनं पोरीचं वाटुळं झालं बग." त्यानंतर बरेच दिवस मायलेकी कामापुरतंच बोलत होत्या. शिवांजली पुन्हा सांगलीला गेली. माझ्याकडे बघायची कुणाची छाती होईना.

दिवाळी झाली आणि नदीकाठची थंडी सुरू झाली. फौजेतला तो शर्ट पाठीवर फाटला होता. एका पहाटे बनुबाई वैरणीला निघाली, दारात थांबली, परत आली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं. इकडेतिकडे बघून लुगड्यावर घातलं. मित्रांनो, मी तिला बसलो. बनुबाई अंगानं किरकोळ, ठेंगणी. त्या आटलेल्या खांद्यांत तिचे खांदे बरोबर मावले. मग ती मला रोज न्यायला लागली. उसाच्या पात्यांनी माझी लोकर निघत होती, पण तिचे हात कापत नव्हते. दिल्लीत मिरवलेला मी शेतात राबायला लागलो आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं. परत आलं की ती मला झटकून खुंटीला अडकवायची. धुवायची मात्र नाही.

असंच एकदा शिवांजली सुट्टीला आली. आई दिसली नाही म्हणून न्याहारी घेऊन थेट शेतात आली. बनुबाईनं तिला बांधावर बघितलं आणि चोरी पकडल्यासारखी घाबरी झाली. विळा टाकला आणि बटणं काढायला लागली.

"काडते, काडते. थंडी लय हाय, म्हून घातला जरासा."

"ऱ्हाऊ दे, आई."

"तुजा हाय त्यो."

"ऱ्हाऊ दे म्हटलं ना."

शिवांजली जवळ आली. माझी कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती, ती तिनं सारखी केली. दोन पावलं मागे सरून आईकडे बघितलं. एखादा कपडा घेताना बघायची तसं, नीट, वरपासून खालपर्यंत. बनुबाईला लाज वाटली.

"बरा दिसतोय व्हय गं?" तिनं विचारलं.

शिवांजलीला रडू आलं. "लय छान दिसतोय," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "त्या दिवशी मी लय वाईट बोलले."

"बोललीस ते खरंच हाय की," बनुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणं पोरीला जास्त अवघड गेलं.

मित्रांनो, जाता जाता माझं एक मागणं आहे. जुने कपडे खुशाल घ्या. पारखून घ्या, नीट सांभाळा, ऐटीत मिरवा, त्यात कमीपणा काही नाही. लोकरीला उकळत्या पाण्यात घालू नका, हे तर हात जोडून सांगतो. पण तुमच्या घरात असं एक माणूस असेल, ज्याच्या अंगावर नेहमी दुसऱ्यांचं उरलेलंच येतं. त्याला हसू नका. त्याला काय आवडतं ते एकदा विचारा.

शिवांजलीनं त्या दिवशी विचारलं. बांधावर दोघी भाकरी खात बसल्या होत्या. ती म्हणाली, "आई, तुला कुठला रंग आवडतो?"

बनुबाईचा घास हातातच राहिला. तिनं आधी माझ्या बाहीकडे बघितलं, मग उसाकडे, मग नदीकडे.

"कुनी इच्यारलंच न्हाई गं कवा," ती म्हणाली. "थांब जरा, इच्यार करून सांगते."

त्याला आता आठवडा होऊन गेला. शिवांजली रोज फोन करून विचारते, आणि बनुबाई अजून विचार करते आहे.