तंबूचा चौथा कोपरा

माझे होणारे सासरे, म्हणजे काका, लिफ्ट तपासनीस आहेत. तीस वर्षांत त्यांनी पहिल्या फेरीत एकही लिफ्ट पास केलेली नाही. नापास झाली की पुढची तपासणी थेट सहा महिन्यांनी. मला तपासायला त्यांनी डोंगरावरचं तळं निवडलं. ट्रेकिंगचा हंगाम नुकताच उघडला होता, म्हणजे वर एकही शहाणा माणूस नव्हता. आम्हीही धरून.

निघताना त्यांच्या लेकीने मला बजावलं होतं, "मी सहा महिने थांबणार नाही. होकार मिळाला तरच खाली ये."

चार तासांचा चढ, झाडांखाली गुडघाभर बर्फ. काका पुढे, मी मागे, माझा जीव त्याहून मागे. रान संपलं आणि तळं दिसलं. अर्धं पाणी, अर्धं अजून गोठलेलं.

"सुंदर आहे," मी म्हणालो.

"निसरडं आहे. तंबू लाव."

याची मी जय्यत तयारी केली होती. आठवडाभर रोज घरच्या हॉलमध्ये तंबू लावत होतो. कापड पसरलं, काठ्या ओवल्या, दोऱ्या हातात घेतल्या आणि थांबलो.

"खुंट्या?"

"घरी राहिल्या, काका. हॉलमध्ये फरशी, तिथं लागल्याच नाहीत. म्हटलं, उगाच ओझं कशाला."

"मग दोऱ्या कशाला बांधायचास?"

"एक फ्रिजला, एक कपाटाला, एक खिडकीच्या गजाला. चौथीवर बाबा बसायचे."

काकांनी आभाळाकडे पाहिलं. तिकडून फक्त वारा आला. दोन दोऱ्या मी रानाच्या कडेच्या झाडांना बांधल्या, तिसरी पडलेल्या ओंडक्याला. चौथ्या कोपऱ्यात नुसता चिखल आणि बर्फ. तंबू फुगला आणि तळ्याकडे निघाला. मी दोरीवर बसलो, तर मीही निघालो. शेवटी काका बसले. तंबू ताठ झाला.

"बाबांपेक्षा छान बसलात," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

मी चहा केला, त्यांच्या हातात दिला, खांद्यावर घोंगडी टाकली. खालून बर्फ वितळत होतं, त्याला माझा इलाज नव्हता.

"मी उठलो तर?"

"तंबू तळ्यात."

"नाही उठलो तर?"

"तुम्हाला सर्दी. काका, माझा निकाल काय?"

"नापास. सहा महिन्यांनी ये."

"येतो कुठला? होकाराशिवाय खालीच जायचं नाहीये मला. म्हणजे मी इथंच राहणार, याच तंबूत." मी चौथ्या कोपऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हीसुद्धा."

काकांनी चहा संपवला. कपाचा तळ तपासला.

"पास," ते म्हणाले. "एका अटीवर."

"बोला."

"लग्नाचा मांडव तू बांधायचा नाहीस."

मी तिथल्या तिथे कबूल केलं. मग अदबीनं म्हटलं, "काका, आता जरा डावीकडे सरकता का? दार तिरकं झालंय."