लाल रेघ

आमच्या डेअरीत अंबरीश सर प्लांट मॅनेजर म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला हीट एक्स्चेंजर, म्हणजे गरम-गार करणारी यंत्रं, शिकवली. नळ्यांचा तेलाच्या कारखान्यात, पंख्यांचा जिथे पाण्याची टंचाई तिथे, प्लेटांचा दुधाला. पडद्यावर रंगीत चित्रं काय, बाण काय! सव्वीस वर्षं तोच प्लेटांचा हीट एक्स्चेंजर उघडून, धुऊन परत लावणारे आमचे सदाशिवराव मागच्या बाकावर बसले होते. त्यांना सरांनी एक शब्द विचारला नाही. मी लॅब सांभाळते, मला कोण विचारतो म्हणा.

या यंत्रात पातळ पत्रे एकामागे एक दाबून बसवलेले असतात. एका फटीतून गरम दूध, शेजारच्या फटीतून गार पाणी. पत्र्यांचा क्रम चुकला की त्यांच्या मधलं रबर नीट बसत नाही आणि पाणी दुधात शिरतं. म्हणून सदाशिवराव पत्र्यांच्या कडांवर एक तिरकी लाल रेघ ओढून ठेवतात. धुऊन परत लावल्यावर रेघ सलग दिसली की काम चोख.

सरांना ती रेघ बघवेना. "मॅडम, ये क्या गंदगी है? पाहुणे येणार आहेत." शनिवारी दुपारी सदाशिवराव घरी गेले आणि सरांनी पेंटर लावून यंत्राला चंदेरी रंग फासला. शोभेची बाहुली झाली अगदी!

रविवारी सकाळी सदाशिवराव सहाला आले, आठला माझ्या टेबलावर पाणचट दूध. शनिवारचं दूध ठणठणीत होतं. सगळं दूध नाल्यात गेलं.

सोमवारी शाहपुऱ्याहून मालकीणबाई शारदाताई आल्या तेव्हा सरांच्या हातात छापील पत्र तयार होतं. सदाशिवराव बडतर्फ. निवृत्तीला तीन महिने उरलेला माणूस!

"याने सकाळी यंत्र उघडलं आणि चुकीचं लावलं," सर म्हणाले. "आम्ही शनिवारी नुसता रंग दिला. उघडलंच नव्हतं."

"ताई, मी हात लावला नाही हो," सदाशिवराव म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. लॅबमधून थिनर आणि चिंधी घेऊन आले. "शारदाताई, आधी हा चंदेरी रंग बघा. कुठे तडा आहे? सकाळी यंत्र उघडलं असतं तर प्रत्येक सांध्यावर रंग उडाला असता." मग मी चिंधी घासली. खालून लाल रेघ निघाली. सुरुवातीला सलग, मधे तुटलेली, पुढे दोन पत्रे भलतीकडे.

"म्हणजे रंगाच्या आधीच क्रम चुकला होता," शारदाताई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी दूध चांगलं होतं ना, प्रतिभाताई?"

"एकदम. आणि हे दुपारी घरी गेले तेव्हा रेघही सलग होती, मी पाहिली. मधे फक्त सर होते."

सर घामाघूम. शेवटी बोलले: रंग नीट बसावा म्हणून आधी पेंटरकडून पत्रे उघडून पुसून घेतले होते, मग परत लावून वरून रंग दिला. व्वा! इतकी चित्रं दाखवली, पण पेंटरला क्रम सांगायला जीभ वळली नाही.

"सॉरी, मॅडम," ते मला म्हणाले.

"मला नाही. त्यांना म्हणा."

सर सदाशिवरावांकडे वळले. तोंड उघडलं, थांबले. आल्यापासून तीन महिने त्यांना 'ए फिटर' म्हणत आले होते. मग त्यांनी हातातलं बडतर्फीचं पत्र वर धरलं आणि त्यावरचं नाव वाचलं.