टुणकन

मुलांसाठी घरातल्या किड्यांवर पुस्तकं लिहिणारे लेखक झुरळावर चप्पल उगारण्याइतकेही त्याच्या जवळ जात नाहीत. चार जुनी पुस्तकं पुढ्यात घ्यायची, चुकांसकट उतरवायची आणि वर 'बालमित्रांनो' लिहून मोकळं व्हायचं. माझ्या संपादकांना तर नव्या पुस्तकातला ढेकूण हसरा हवा होता. रक्त पिणारा किडा हसेल कशाला, असं विचारलं तर म्हणे मुलं घाबरतील. घाबरलं कोण होतं ते मला दिसतच होतं.

मी मात्र या खेपेला प्रत्येक किडा स्वतः पाहिल्याशिवाय ओळ लिहीत नव्हते. उवा भाचीने पुरवल्या. ताईने फणीने काढलेली एक ऊ पांढऱ्या कागदावर ठेवून मी तासभर भिंगातून बघत बसले. कागदाची कड गाठतानाच तिची दमछाक झाली. उडी मारण्याजोगे पायच नव्हते तिला.

त्याच आठवड्यात भाची शाळेतून रडत आली. उवा उड्या मारून दुसऱ्यांच्या डोक्यात जातात, असं सांगून बाईंनी तिला भिंतीपाशी एकटीला बसवलं होतं. जिवलग मैत्रिणीनेही डबा वेगळा खाल्ला. ताई म्हणाली, एवढी पुस्तकं लिहितेस, तर जाऊन सांग त्यांना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत औषधाच्या रिकाम्या बाटलीत ऊ घेऊन मी वर्गात थडकले. बाईंना चांगलं फैलावर घेतलं. डोक्याला डोकं लागलं की ऊ चालत जाते, स्वच्छ डोक्यातही जाते, आणि बाक लांब ठेवून फक्त पोरीचा पाणउतारा होतो, हे सगळं ऐकवलं. शेवटी विचारलं, "उडीचं हे कुठल्या शहाण्याने सांगितलं तुम्हाला?"

बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढून पान उघडलं. 'ऊताई टुणकन उडी मारते आणि नव्या घरी जाते.' वर बूट घातलेली हसरी ऊ. मुखपृष्ठ बघायची गरजच नव्हती. माझं पहिलं पुस्तक, चार दिवसांत उतरवलेलं. उडी कुणाची ढापली होती ते आठवत नाही. 'टुणकन' मात्र माझंच, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

चित्रकारावर ढकलायला जीभ वळवळली. पण भिंतीपाशी डबा उघडून भाची माझ्याकडेच बघत होती.

"हे मी लिहिलंय," मी म्हणाले, "आणि ते चुकीचं आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन काढून ती ओळ खोडायला गेले, तर बाईंनी हात धरला. शाळेच्या पुस्तकावर रेघा मारायच्या नसतात म्हणे.

"तुम्ही म्हणता तसं असेलही," त्या म्हणाल्या, "पण पालकांना मी हे छापलेलं दाखवलंय. चूक सुधारून नवीन पुस्तक छापून आणा, की हलवू बाक."

मी जाऊन भाचीच्या बाकावर बसले. ती अंग चोरून भिंतीकडे सरकली.

"मावशी, लांब बस. तुझ्या डोक्यात येतील."

"येऊ देत," तिच्या डोक्याला डोकं टेकवत मी म्हणाले. "चालतच येतील ना."