साखर न दिसणारा मापक

मी एक जुना वाहकता मापक आहे. पुढे धातूची दोन टोके, मागे एक काटा. दक्षिण जपानच्या लहानशा बेटावर, डायलिसिसच्या दवाखान्यात माझी हयात गेली.

मित्रांनो, द्रावणातून वीज किती वाहते ते मी सांगतो. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभार असलेले आयन मोकळे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. अशा पदार्थांना इलेक्ट्रोलाइट म्हणतात. साखरही विरघळते, पण तिचे रेणू भाराविना अख्खेच राहतात. ती नॉन-इलेक्ट्रोलाइट. तिच्यापुढे मी आंधळा.

पूर्वी परिचारिका किकुए शिमोजी रोज माझ्याकडून रक्त शुद्ध करायचे डायलिसिसचे द्रावण तपासून घेई आणि माझी टोके मऊ कापडाने पुसून ठेवी. पुढे पडद्यावर सगळे दाखवणारी यंत्रे आली आणि मी खणात हातमोज्यांच्या खोक्यांमागे पडलो.

मग ते वादळ आले. बोटी बंद, वीज गायब. जनरेटर सुरू झाला तेव्हा तोमोरी आजोबांना त्यांच्या मुलीने, हिसाएने, कसेबसे आणले. उपचाराची पाळी हुकली होती. पाय सुजलेले, छातीत घरघर. पडद्यावर द्रावण ठीक दिसत होते. पण द्रावणात मिसळायच्या क्षारांच्या डब्याची पातळी जेमतेम उतरलेली पाहून किकुए थबकली आणि तिने मला खणातून काढून त्या द्रावणात बुडवले.

माझा काटा चढला आणि खुणेच्या खूप अलीकडेच थांबला. मलाच भीती वाटली. गंज तर नाही ना चढला?

"ताई, पडद्यावर बरोबर आहे ना? बाबांना श्वास घेववत नाहीये," हिसाए म्हणाली.

"द्रावण पातळ असलं तर रक्तातल्या पेशी फुटतील गं."

किकुएने मला ग्लुकोजच्या पाण्यात बुडवले. काटा जागचा हलला नाही.

"बघा, बिघडलाय तो. सुरू करा ना."

"इथे हलायलाच नको. साखर वीज नेत नाही. हलला असता, तर मीच फेकून दिला असता."

मग तिने मला ठरावीक तीव्रतेच्या मिठाच्या द्रावणात बुडवले. काटा नेमक्या खुणेवर टेकला. म्हणजे चूक यंत्राची होती. किकुएने आजोबांना टोचायला काढलेली सुई बाजूला ठेवली.

डॉक्टर ताइरांनी दुसरे यंत्र जोडायला सांगितले. आजोबा ऑक्सिजनवर, हिसाए त्यांचे पाय चोळत बसलेली. नवे द्रावण तयार झाले. मला पुन्हा बुडवले. यंत्र आणि मी, दोघांचे जुळले. उपचार सुरू झाला.

श्वास जरा मोकळा झाल्यावर आजोबा पुटपुटले, "समुद्राला जमलं नाही ते ही बाई करणार होती. वाट बघायला लावून मारणार होती मला." हिसाए हसता हसता रडली.

पहिल्या यंत्राच्या संवेदकाच्या, म्हणजे सेन्सरच्या, टोकांमध्ये क्षारांचा थर साचला होता आणि द्रावण पातळ असले तरी वीज त्या थरातूनच वाहत होती. बिचारे खोटे बोलत नव्हते, त्याला दिसतच नव्हते.

मित्रांनो, हल्ली मला पुन्हा रोज पुसतात. तुमच्याकडची उपकरणेही अशीच जपा. पण माझेही सगळेच खरे मानू नका. द्रावणात साखर किती, ते मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारा.