खळ्यावरची चूल

वाल्मिकला चाकांवरच्या त्या डब्यातून काय मिळणार होतं, याचा हिशेब गावानं त्याच्याआधी मांडला होता. डब्यात भात साठवता येत नाही, तो नांगराला जुंपता येत नाही, भाड्यानं लावावा तर त्यात वरात मावत नाही. झोपायला घरात पलंग होता, वर पंखा होता. मग कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर जीपच्या मागं घर बांधून हिंडायचं, यात जमेच्या बाजूला काय? गावाला एकच गोष्ट सापडली: घरातनं बाहेर पडायला मिळतं. आणि ज्याला घरातनं बाहेर पडायचं असतं त्याला घरात काहीतरी टोचत असणार. इथपर्यंत गावाचं चुकलं नव्हतं. टोचणारी वस्तू म्हणजे सून, हे मात्र त्यांनी अंदाजानं धरलं.

डबा चौक गावच्या हरेशनं बनवला होता. त्याचं गॅरेज जुन्या हायवेला. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं मोबाईलवर फोटो दाखवून चाकांवरचं छोटं घर बनवायला सांगितलं आणि रंग वाळायच्या आत तो नोकरीसाठी परदेशी गेला. डबा गॅरेजची जागा अडवून बसला. इकडं वाल्मिकनं उभा जन्म चालवलेला टेंपो थांबवला होता, आणि टेंपो अंगणाची जागा अडवून बसला होता. दोघांनी अडगळीची अदलाबदल केली; डबा ओढायला वाल्मिकची जुनी जीप होतीच. दोघांनाही वाटलं, आपण समोरच्याला गंडवलं. असे व्यवहार सहसा मोडत नाहीत.

"अवो, ह्यात माणसं झोपनार का कोंबड्या?" डबा पहिल्यांदा पाहिला तेव्हा भागूबाईनं विचारलं होतं.

"आत तर ये, मंग बोल," वाल्मिक म्हणाला.

ती आत गेली. एका बाजूला दोन माणसांपुरता बिछाना, खाली सामानाला कप्पे, जाळीची खिडकी, खिडकीला पडदा. दुसऱ्या बाजूला ओटा, त्यावर दोन बर्नरची शेगडी आणि हात धुवायला एवढंसं बेसिन. ओट्यासमोरची भिंत पानाच्या टपरीच्या फळीसारखी बाहेरून वर उचलता येत होती. एका जागी उभं राहून मीठ, तेल, पाणी, सगळं हाताला लागत होतं. भागूबाईचं घरातलं स्वयंपाकघर असं होतं की एक आमटी करायची तर अर्धं गाव चालून व्हायचं. तिनं ओट्यावरून हात फिरवला आणि पुढं काही बोलली नाही. वाल्मिकनं त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि या वेळी तो बरोबर निघाला.

मुलगा हर्षद खोपोलीच्या कारखान्यात जायचा. त्यानं विचारलं, "आमाला काय करायला लागंल?"

"काय नाय."

"मंग जावा की," हर्षद म्हणाला. जिथं आपल्याला काही करायचं नसतं तिथं तो नेहमीच उदार असायचा.

पहिली फेरी कोंडाण्याची. लेण्यांच्या वाटेला, डोंगराच्या पायथ्याशी वाल्मिकनं डबा लावला. भागूबाई पदर खोचून ओट्याकडं वळली, तर वाल्मिकनं तिला हातानं बाजूला केलं. "तू बस."

"आणि जेवनार काय?"

"बस म्हनलं ना गं."

ती बिछान्याच्या कडेला बसली. वाल्मिकनं कांदा चिरला, मसाला भाजला, अंड्यांचा रस्सा केला, आणि परातीत पीठ घेऊन भाकरी थापायला लागला. भाकरी गोल होती. फुगली. भागूबाई बघत राहिली. वापी-सुरतेच्या फेऱ्यांना टेंपोच्या मागं स्टोव्ह पेटवून हा माणूस जेवण करायचा, हे तिला ऐकून ठाऊक होतं. पण ऐकून तर पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. घरात त्यानं कधी चहाचं भांडंसुद्धा खाली उतरवलं नव्हतं. टेंपोमागं स्टोव्ह पेटवणं हा धंद्याचा भाग होता. बायको घरात असताना तेच करणं म्हणजे निराळा मामला.

पहिली भाकरी त्यानं तिच्या ताटात टाकली. तव्यावरची भाकरी स्वतःच्या ताटात पडताना ऐकण्याचा योग भागूबाईला लग्न झाल्यापासून आला नव्हता. ती नेहमी टाकणाऱ्यांत असायची, आणि सगळ्यांचं झालं की राहिलेली, वातड झालेली खायची.

"कशी झालीय?"

"जाड हाय," ती म्हणाली, आणि आणखी एक मागितली.

हात धुताना वाल्मिकनं अट घातली. "ह्ये गावात बोलायचं नाय हां."

पुढं माथेरानच्या पायथ्याला गेले. वर गाड्या जात नाहीत, म्हणून डबा खाली राहिला. वाल्मिक म्हणाला, घोड्यावर बसवून वर फिरवून आणतो. भागूबाई म्हणाली, "वर काय हाय? इथं बसल्या जागी जेवान मिळतंय." घोडेवाल्याचं गिऱ्हाईक वाल्मिकच्या सुक्या मासळीनं पळवलं. मग चौकला हरेशकडं चाकांत हवा भरली, त्याच्या शेजारच्या ढाब्यामागं मुक्काम केला, आणि ढाब्याची भाजी विकत न घेता त्याच्या सावलीत स्वतःची भाजी केली. दोघं चांगली सुखी होती. सुख लपवायची सवय नसल्यानं थोडी जाडही झाली.

मग गाव आलं. गल्लीतून डबा घरापर्यंत वळेना, म्हणून तो खळ्यावर लावला. भात झोडून झालं होतं, खळं मोकळं होतं. भागूबाई म्हणाली, "दोन-चार दिस हितंच ऱ्हाऊ. घर काय पळून चाललंय?" वाल्मिकनं ओट्याची फळी बंद ठेवली, खिडकीचा पडदा ओढला आणि मग शेगडी पेटवली. खळं घराच्या नजरेच्या टप्प्यात होतं, आणि कुकरच्या शिट्टीला पडदा लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भागूबाई आंघोळीला घरी गेली होती, तेवढ्यात शकूवहिनी खळ्यावर आली. ही वाल्मिकच्या चुलतभावाची बायको. तिच्या हातात सूप होतं: तांदूळ, मीठ, हळकुंड, मूठभर सुकट, वर नारळ.

"भावजी, घ्या. रीत हाय."

वाल्मिकला वाटलं, नव्या गाडीचा नारळ. त्यात घरचे तांदूळ संपत आले होते. "लई केलंत वैनी," असं म्हणून त्यानं सूप दोन्ही हातांनी घेतलं.

आता त्यांच्या भावकीत कुणी वेगळं निघालं की पहिला शिधा द्यायचा रिवाज आहे. ज्यानं सूप घेतलं त्याची चूल वेगळी झाली. त्याला ना कागद लागतो, ना सही. बाईमाणसाला हे पाळण्यापासून ठाऊक असतं. वाल्मिकचं आयुष्य रस्त्यावर गेलेलं, गावच्या सगळ्या वाटण्या तो सुरतेला असताना झालेल्या. भागूबाई परत आली तेव्हा तो तांदूळ बरणीत ओतून सूप झटकत होता.

"ह्ये कुठनं आलं?"

"शकूवैनीनं दिलं. गाडीसाठी."

"आणि तुमी घेतलं?"

"मंग काय परत पाठवू?"

भागूबाई डब्याच्या पायरीवर खाली बसली. "अवो, तुमी घर फोडलंत."

सांजेपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की सुनेनं म्हातारा-म्हातारीला खळ्यावर काढलं. सून म्हणजे छाया. नळावर बायका तिला बघून गप्प झाल्या, आणि ते बोलण्याहून वाईट. तिच्या आईचा फोन आला, आई रडत होती. छाया तडक खळ्यावर आली.

"आई, माझं काय चुकलं ते मला सांगा. जेवान वेळेवर नव्हतं? की उलटून बोलले? तुमी हौस म्हनून गेलात, मी पिशवी भरून दिली. आणि आता म्या तुमाला हाकललं?"

"तुझं काय नाय गं चुकलं."

"मंग हितं का ऱ्हाताय? घर दिसतंय की समोर!"

खरं उत्तर भागूबाईच्या जिभेवर होतं. तिनं वाल्मिककडं पाहिलं. वाल्मिक जीपचं चाक बघायला खाली वाकला, ज्या चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

छाया गेल्यावर भागूबाई म्हणाली, "हरेशला फोन करा. डबा घेऊन जा म्हनावं."

"तुला नको झाला?"

"मला पायजे. मरेपर्यंत पायजे. पन त्या पोरीचं नाव खराब व्हतंय."

"मंग सांग की लोकांना खरं काय ते."

"काय सांगू? माजा नवरा भाकऱ्या थापतो, म्हनून मी घरात जात नाय?"

 वाल्मिकनं खिडकीचा पडदा नीट केला. पडदा आधीच नीट होता.

हरेशचा फोन लागायच्या आत धोंडूआक्का आली. ही वाल्मिकची थोरली बहीण, खालापूरकडं दिलेली. फुटलेली चूल जोडायचा मान माहेरवाशिणीचा: तिनं वेगळी चूल उचलून घरात न्यायची, सगळ्यांना एका भांड्यातलं जेवायला घालायचं, की शिधा रद्द. शकूवहिनीनंच तिला फोन केला होता. घर फुटल्याची बातमी दिली तीही तिनंच आणि जोडायला माणूस बोलावलं तेही तिनंच. दोन्हीकडचं पुण्य तिच्याकडं जमा.

भर दुपारी रिक्षातून उतरून आक्का थेट डब्यापाशी गेली आणि दार ओढलं. आत वाल्मिक कमरेला पंचा गुंडाळून, हातात पळी घेऊन वालाचं बिरडं परतत होता. भागूबाई बिछान्यावर मांडी घालून लसूण सोलत होती, तेही सावकाश.

आक्कानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "वाल्मिक, पळी ठेव खाली."

"आक्का, बिरडं लागंल."

"भागू, ह्यो काय करतोय?"

"वन्सं, बिरडं," भागूबाई म्हणाली.

"त्ये मला दिसतंय! कवापास्नं?"

"डबा आल्यापास्नं."

आक्का बिछान्यावर टेकली. सगळं तिच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही; तीही कुणाच्या तरी घरी राहिलेली भाकरी खाऊनच म्हातारी झाली होती. तिनं तळहात पुढं केला. वाल्मिकनं त्यावर थोडं बिरडं ठेवलं. तिनं चाखलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "पन आईचा हात हाय तुझ्यात. मला नाय आला, मेल्या, तुला आला." मग ती उठली. आलेलं काम तिला सोडून चालणार नव्हतं. तिनं शेगडी दोन्ही हातांनी उचलायला घेतली. शेगडी हलेना.

"हरेशनं स्क्रूनं आवळलीय, आक्का. रस्त्यात हालू नये म्हनून."

"मंग मी चूल घरात कशी न्यायची?"

 बिरड्याला उकळी येत होती. आक्का म्हणाली, "चूल जात नाय तर घराला हितं बोलवा. एका भांड्यातलं सगळे जेवले की झालं. कुठं जेवले ह्ये कुनी सांगितलंय? आणि ती फळी उचल. कोंडून काय करायचंय? गावाला दिसलं पायजे."

"आक्का, फळी नको."

"अरं, दिसलं नाय तर उपेग काय?"

भागूबाई बाहेर गेली आणि तिनं स्वतः फळी वर केली. एका झटक्यात ओटा, शेगडी आणि पंचा नेसलेला वाल्मिक गावाला सामोरे आले.

निरोप गेला. सुट्टी होती, त्यामुळं हर्षद घरीच होता. तो आला, छाया आली, आणि बोलावलं नव्हतं तीही माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढं शकूवहिनी. छायानं सासऱ्याच्या हातातली पळी पाहिली आणि ती चपापली. तिला वाटलं, आपल्यावर राग धरून बाबा हे करतायत. ती लगबगीनं ओट्यापाशी आली.

"बाबा, द्या हिकडं. लोकं बघतायत."

पळी देऊन टाकायची हीच वेळ होती. दिली असती तर सुनेनं काम हातात घेतलं, चूल जुळली, सगळं रीतसर. वाल्मिकची पत जागच्या जागी राहिली असती. फक्त त्यानंतर डब्यात आणि घरात फरक उरला नसता. भागूबाई खळ्याच्या कडेला उभी होती.  पळी सोडू नका असं तिनं मागितलं असतं, तर ते उपकार झाले असते.

वाल्मिकनं शकूवहिनीकडं पाहिलं, मग भागूबाईकडं.

"तू बस गं छाया," तो म्हणाला, जरा मोठ्यानंच. "भागे, तूबी बस. हितं मीच करतो. पयल्या दिवसापास्नं मीच करतोय. गरम हाय तवर जेवून घ्या."

कुंपणापाशी कुणीतरी हसलं. मग शकूवहिनी म्हणाली, "अगं बया! म्हनून होय गं भागू, तुला घर नको झालं!"

"मंग?" भागूबाई म्हणाली आणि पहिल्या पंगतीला बसली. पहिल्या पंगतीला बसण्याचीही तिला सवय नव्हती; ताट कुठल्या हाताला धरायचं ते क्षणभर सुचलं नाही. छाया तिला चिकटून बसली. पहिला घास घेतला आणि तिला हसू आवरेना. "आई, मला तरी सांगायचं! मी काय कुनाला बोलले असते?"

"ह्येंची अट व्हती."

वाल्मिकनं सगळ्यांना वाढलं, कुंपणापलीकडच्यांनाही वाटीवाटी दिलं. शकूवहिनीनं तिथंच वाटी संपवून मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्यांदा घेतलं. आक्कानं शिध्याचं सूप छायाच्या हातात दिलं आणि जाहीर केलं की चूल एकच आहे, फक्त तिला चाकं आहेत.

आता हिशेब मिटवून टाकू. भागूबाईचा डबा राहिला, आणि सध्या तो पुन्हा कोंडाण्याच्या वाटेला आहे. छायाचं नाव धुऊन निघालं. नळावर बायका तिच्याशी बोलतात, इतकं की तिला पाणी भरायला उशीर होतो. धोंडूआक्काला मान मिळाला, वर पुढच्या फेरीला येण्याचं आमंत्रण. शकूवहिनीला पहिलीपेक्षा चांगली बातमी मिळाली. वाल्मिकनं किंमत मोजली असं कट्ट्यावरच्यांना वाटतं. ते त्याला आचारी म्हणतात, पण ते ऐकायला तो गावात असतोच कुठं? आणि त्यांच्यातल्या दोघांना घरून विचारणा झाल्यापासून आवाज जरा बसलाय.

भरपाई केली ती हर्षदनं. त्याचा या व्यवहारात काडीचा संबंध नव्हता. तो नुसता जेवायला आला होता. पुढच्या सुट्टीला छायानं घरात त्याच्या पुढ्यात परात ठेवली आणि ती पलंगाच्या कडेला जाऊन बसली. "बाबांना येतं, तुमाला यायला काय झालं?" भाकऱ्या तव्यावर जाईपर्यंत एकेकीचे चार तुकडे झाले, त्या खालून करपल्या, वरून कच्च्या राहिल्या. छायानं दुधात चुरून थोडं खाल्लं. बाकीच्या सगळ्या हर्षदनं संपवल्या, आणि मग तवाही त्यानंच घासला.